बंदरावर काय काय उतरले



या महिन्याचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो खेड तालुक्यातल्या एका भगिनीच्या पत्रातून आला आहे. पत्र चार पानांचे आहे. त्यातले पहिले दीड पान सासूबाईंच्या गुडघ्यांविषयी आहे (त्याचे उत्तर आम्ही वेगळे पाठवले आहे) आणि मग खरी गोष्ट येते.

त्यांची मुलगी नववीत आहे. शाळेत चौघींच्या गटाला इतिहासाचा प्रकल्प मिळाला, जुने व्यापारी मार्ग. मोठ्या तक्त्यावर जगाचा नकाशा काढायचा, लाल दोऱ्याने रेशीम मार्ग दाखवायचा, निळ्या दोऱ्याने समुद्राचा मार्ग. खाली तीन रकाने : या वाटांनी कोणता माल गेला, कोणती संस्कृती गेली आणि कोणते रोग गेले. पहिले दोन रकाने मजेत भरले. तिसऱ्याशी आल्यावर गटातली एक मुलगी सहज बोलून गेली, "रोग तर तुमच्याच लोकांनी आणले ना? आमचे पप्पा सांगत होते." भगिनी लिहितात, "मुलगी घरी आली, रडली वगैरे नाही. जेवताना एवढेच विचारले, अम्मी, हे खरे आहे का? मी 'नाही' म्हणून टाकले. पण खरे सांगायचे तर मला माहीत नव्हते. ती समजली. तेव्हापासून तक्ता कपाटावर पडून आहे."

आम्ही हे पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. कारण नुसते 'नाही' हे उत्तर आम्हांलाही पुरेसे वाटत नाही, आणि ते पूर्णपणे खरेही नाही. मुलीने खरा प्रश्न विचारला आहे. तिला उत्तरही खरे मिळाले पाहिजे.

आधी पहिला रकाना. मुलींनी त्यात रेशीम, मिरी, कागद आणि घोडे लिहिले आहेत. छान आहे, पण पुस्तकातून उतरवलेले दिसते. त्यापेक्षा अम्मीच्या ओट्यावरचे डबे उघडून पाहावेत. ईदच्या शीरखुर्म्यातला 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. खजूर बसऱ्याकडचा, पिस्ते इराणकडचे. लवंग आणि जायफळ मूळचे इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरचे. कित्येक शतके जगात लवंग दुसरीकडे कुठे पिकतच नव्हती. दालचिनीच्या नावाचा फारसीत अर्थ 'चीनचे लाकूड', पण उत्तम दालचिनी श्रीलंकेची. व्यापाऱ्याने जे सांगितले ते नाव पडले, आणि आपला माल नेमका कुठून येतो हे व्यापारी कधीच सांगत नाही. उलट आपली चिंच अरबांच्या हाती पडली तेव्हा त्यांनी तिला 'तम्र हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले, आणि युरोपात त्याचेच टॅमरिंड झाले. राहिली मिरची. दादीच्या हातचा लाल रस्सा म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो, त्यातली मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांवरून सोळाव्या शतकात आली. बटाटा, काजू आणि अननसही त्यांच्याच वाटेने. त्याआधी कोकणात तिखट म्हणजे मिरी आणि आले.

हा सगळा व्यापार कशावर चालत होता? वाऱ्यावर. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, तेव्हा गलबते कोकण-गुजरातहून अरबस्तानाकडे आणि आफ्रिकेकडे निघत. पावसाळ्यात वारा उलटा फिरतो आणि नैऋत्येकडून येतो. ऐन पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि बंदरे बंद, म्हणून त्या वाऱ्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी परतायचे. अरबीत ठरलेल्या हंगामाला 'मौसिम' म्हणतात, त्यावरून 'मान्सून' शब्द झाला. आता मुलींनी जरा हिशोब करावा. एका वाऱ्याने गेलेला माणूस दुसरा वारा येईपर्यंत परक्या बंदरात काय करणार? भाड्याने घर घेणार, भाषा शिकणार, उधारी करणार, मशीद बांधणार, पुष्कळदा निकाहही करणार. दुसरा रकाना या वाट पाहण्यातूनच भरला आहे.

अल-मसऊदी हा बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातले चौल. तेव्हा तिथे शिलाहारांचे राज्य होते. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान त्या गावी राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. इथे जन्मलेल्यांना तो 'बयासिरा' म्हणतो. त्यांचा एक प्रमुख असे, त्याला 'हुनरमन' म्हणत, आणि तो राजाच्या मान्यतेने काम पाही. अकराशे वर्षांपूर्वी, एका हिंदू राजाच्या बंदरात. आम्ही चौलला दोनदा गेलो आहोत. आता तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या, पोर्तुगिजांच्या किल्ल्याचे अवशेष आणि गाळाने भरत चाललेली खाडी. एवढ्या गजबजलेल्या बंदराची खूण म्हणून शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही.

खुणा दगडांपेक्षा आपल्या बोलण्यात जास्त उरल्या आहेत. 'बंदर' फारसी, 'खलाशी' आणि 'सुकाणू' मुळात अरबी. नाखवा आडनावाचे शेजारी तुमच्याकडेही असतील. 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी, त्याचा तो नाखवा झाला. आणि एक गोष्ट, जी आपण रोज पाहतो आणि जिचे नवल वाटत नाही. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई मसलकाचे आहेत, घाटावरचे बहुतेक हनफी. घाट चढताच नमाजेतल्या बारीकसारीक पद्धती बदलतात. असे का? कारण येमेनचा किनारा शाफई, केरळचे मापिळे शाफई, इंडोनेशिया शाफई. जिथे जिथे ते गलबतांचे वारे पोहोचले, तिथे तिथे तीच फिकह पोहोचली. घाटावर मात्र दीन जमिनीच्या वाटेने, मध्य आशिया आणि दिल्लीकडून आला. माहीमचे मखदूम अली माहिमी, ज्यांनी कुरआनची अरबीत तफसीर लिहिली आणि हिजरी ८३५ मध्ये ज्यांचा इंतकाल झाला, तेही याच किनाऱ्याच्या शाफई परंपरेतले विद्वान. मुलीने दुसऱ्या रकान्यात हे जरूर लिहावे. तिच्या बाईंना बहुधा हे नवीन असेल.

आता तिसरा रकाना. इथे आम्ही सावकाश जाणार आहोत.

इसवी सन १३४७ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या काफा या बंदरातून निघालेल्या जहाजांबरोबर ताऊन, म्हणजे प्लेग, भूमध्य समुद्रात उतरला. कॉन्स्टॅन्टिनोपल, इटलीची बंदरे, त्याच वर्षी अलेक्झांड्रिया आणि मग कैरो, दमिश्क, ट्युनिस. जहाजात धान्य होते, धान्यात उंदीर होते आणि उंदरांच्या अंगावर पिसवा होत्या. हे आज आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. युरोपची तिसरा हिस्सा ते निम्मी वस्ती गेली असे मानतात, आणि अरब जगाचे हालही तसेच झाले. इतिहासकार इब्न खल्दून तेव्हा ट्युनिसमध्ये सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याचे आई-वडील दोघेही त्यात गेले.

इब्न बतूता, जो काही वर्षांपूर्वी आपल्या दौलताबाद आणि नंदुरबारमार्गे खंबायतला गेला होता, तो १३४८ मध्ये दमिश्कमध्ये होता. त्याने एक दृश्य लिहून ठेवले आहे. शहराने तीन दिवस रोजे ठेवले. मग सगळे लोक अनवाणी निघाले. मुसलमान कुरआन हाती घेऊन, ज्यू तौरात घेऊन, ख्रिस्ती इंजील घेऊन. बायका, मुले, अमीर, फकीर, सगळे एकाच मशिदीच्या वाटेवर, रडत. नेमके त्याच काळात युरोपातल्या शहरांत विहिरींत विष ज्यूंनीच कालवले अशी अफवा पसरली होती. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आले, आणि रोग तोवर त्या शहरात पोहोचलाही नव्हता. पोप क्लेमेंट सहावा यांनी हुकूम काढून सांगितले होते की ज्यूही या रोगाने मरत आहेत, मग दोष त्यांचा कसा? फारच थोड्यांनी ऐकले.

दमिश्कचे दृश्य वाचून आपल्याला अभिमान वाटतो. पण इथेच थांबलो तर आम्ही मुलीला अर्धेच सांगितल्यासारखे होईल. हदीसचे मोठे इमाम इब्न हजर अस्कलानी यांनी ताऊनवर एक आख्खे पुस्तक लिहिले, 'बज्लुल माऊन'. ते विद्वत्तेसाठी लिहिलेले पुस्तक तर आहेच, पण त्यामागे एका बापाचे दुःखही आहे. त्यांच्या दोन मुली, फातिमा आणि आलिया, हिजरी ८१९ च्या ताऊनमध्ये गेल्या. थोरली, जैन खातून, ८३३ च्या ताऊनमध्ये गेली. ती तेव्हा गरोदर होती. त्याच ८३३ मध्ये कैरोचे लोक तीन दिवसांचे रोजे करून शहराबाहेर वाळवंटात सामुदायिक दुआसाठी जमले. इब्न हजर लिहितात, त्याआधी दिवसाला चाळीसहून कमी माणसे मरत होती आणि महिना संपायच्या आत हा आकडा हजारावर गेला. दमिश्कच्या त्या जमावानंतरही रोग वाढलाच, हेही त्यांनी नोंदवले आहे. अशी गर्दी जमवणे त्यांना पसंत नव्हते. दुआ प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी करावी. तीन मुली गमावलेला बाप आणि हदीसचा एवढा जाणकार हे लिहितो, तेव्हा त्याला ईमानाची कमतरता म्हणण्याची आमची हिंमत होणार नाही.

ग्रॅनाडाचा वजीर इब्न अल-खतीब याने त्याही आधी, पहिल्या लाटेतच, स्पष्ट लिहिले होते की हा रोग एकापासून दुसऱ्याला होतो. कपड्यांतून, भांड्यांतून, कानातल्या दागिन्यातूनसुद्धा. निरोगी बंदरात रोगट मुलखातून एखादे जहाज येते आणि मग तिथे रोग सुरू होतो. जी माणसे वेगळी राहिली ती वाचली. रोग लागत नाही असे म्हणणाऱ्या काही उलमांशी त्याचा वाद झाला, आणि तो म्हणाला की डोळ्यांना दिसते आहे त्याच्या विरुद्ध एखादी रिवायत जात असेल तर तिचा अर्थ नीट समजून घ्यावा लागेल.

आणि मूळ शिकवण तर सर्वांना ठाऊक आहेच. एखाद्या मुलखात ताऊन असल्याचे ऐकले तर तिथे जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथेच तो आला तर पळ काढून बाहेर पडू नका, अशा अर्थाचा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदेश बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हिजरी १८ च्या सुमारास हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी त्यांना ताऊनची बातमी मिळाली. मुहाजिरीन आणि अन्सारांशी मसलत केली तर मते दोन पडली. शेवटी परत फिरायचे ठरले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता आहात का? हजरत उमर (रजि.) यांनी उत्तर दिले की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी ती हदीस सांगितली. हजरत अबू उबैदा (रजि.) आपल्या फौजेजवळ शाममध्येच राहिले आणि त्याच ताऊनमध्ये शहीद झाले. दोघेही मोठे सहाबी. एक परतले, एक राहिले. आदेशाचे दोन्ही भाग दोघांनी पाळले, असे आम्हांला वाटते.

आता त्या मुलीच्या पप्पांच्या बोलण्यापाशी येऊ. ते हवेतून आलेले नाही. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या हजच्या वाटेशी जोडलेला आहे.

पटकी, म्हणजे कॉलरा, बंगालमध्ये पूर्वीपासून होता. १८१७ मध्ये जेसोरकडून तो असा उसळला की पुढच्या वर्षी मुंबईत, १८२१ मध्ये मस्कत आणि बसऱ्यात. त्याला कोणी नेले? कंपनी सरकारच्या फौजांनी, व्यापाऱ्यांनी, यात्रेकरूंनी, सगळ्यांनी. १८३१ मध्ये तो मक्केत पोहोचला. पण खरा हाहाकार झाला १८६५ च्या हजमध्ये. त्या वर्षी सुमारे नव्वद हजार हाजींपैकी पंधरा हजारांच्या आसपास मरण पावल्याचा अंदाज आहे. परतणाऱ्या हाजींची जहाजे सुएझला लागली. तेव्हा सुएझ कालवा झाला नव्हता, पण आगगाडी होती. जहाजांवर वाटेत माणसे मेली होती आणि प्रेते समुद्रात टाकली होती, तरी बंदरावर साध्या आजाराचे मृत्यू म्हणून सांगण्यात आले. गाडीने दोन-तीन आठवड्यांत रोग अलेक्झांड्रियात, तिथून जहाजांनी मार्सेय, इस्तंबूल, इटली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क.

रोग हाजींबरोबर गेला, हे खरे आहे. मुलीला हे सांगितले पाहिजे. तो का गेला, हेही मग सांगितले पाहिजे. शिडाच्या गलबतावर एखाद्याला पटकी झाली तर किनारा यायच्या आधी महिनाभरात जे व्हायचे ते होऊन जाई. माणूस मरे किंवा बरा होई, रोग पाण्यातच संपे. वाफेच्या बोटीने ही वाट काही दिवसांवर आणली. मुंबई ते जिद्दा बोटींवर हाजींना डेकवर असे कोंबत की पाय पसरायला जागा मिळत नसे. पिण्याचे पाणी मोजून, शौचालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पटकी दूषित पाण्यातून पसरतो, हे लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ मध्ये एका सार्वजनिक पंपावरून दाखवून दिले होते, पण ते मानायला फार थोडे तयार होते. रोगजंतू कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात ओळखून दाखवला.

१८६६ मध्ये इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि तिथे बोट ठेवले गेले ते हिंदुस्थानी हाजीवर. १८९४ ची पॅरिस परिषद तर खास हज यात्रेच्या नियमांसाठीच झाली. गंमत पाहा. इंग्रज सरकार या परिषदांत वर्षानुवर्षे म्हणत राहिले की विलगीकरणाने रोग थांबत नाही. कारण जहाजे दहा-दहा दिवस अडकली तर मालाचा खोळंबा होतो आणि नुकसान व्यापाऱ्यांचे. शेवटी तडजोड अशी झाली की मालाच्या जहाजांना जमेल तेवढी वाट मोकळी, आणि कडक नियम गरीब हाजीला. तांबड्या समुद्रात कामरान नावाचे एक उघडेबोडके बेट आहे. तिथे तुर्की सरकारने १८८२ मध्ये विलगीकरणाचे ठाणे उघडले. हिंदुस्थानातून आणि जावाकडून जाणाऱ्या हाजींना तिथे उतरवत, कपडे वाफेत घालत, दिवस मोजत, आणि वर त्याची फी हाजींकडूनच घेत. आमच्या दादीचे वडील त्या वाटेने हजला गेले होते. घरात त्यांची एकच गोष्ट सांगतात. एहराम बांधायच्या आधीच कामरानच्या उन्हाने आमचे कातडे काळे केले, असे ते म्हणत. बाकी हजविषयी ते फारसे बोलत नसत.

आणि याच सुमारास, उलट दिशेने, रोग मुंबईत आला. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग होता. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी तो ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून धान्याची कोठारे. आधी उंदीर मेले, मग माणसे. कोणत्या जहाजाने आणला ते कोणी सांगू शकत नाही, पण तो आला मालाच्या वाटेने, एवढे नक्की. काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गावी पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर गावोगाव गेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने मुंबईहून हजला जाणे बंद केले. हाँगकाँग-मुंबई व्यापार मात्र चालू राहिला.

पुण्यात काय झाले ते प्रत्येक मराठी मूल शिकते. रँडसाहेबाचे सोजीर घरात घुसले आणि चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मुंबईतले मात्र कमी जणांना ठाऊक असते. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका मुसलमान विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला तपासणी पथक न्यायला आले. घरच्यांनी नकार दिला, मोहल्ला जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. पुण्याचा ब्राह्मण आणि मदनपुऱ्याचा जुलाहा एकाच गोष्टीने चिडले होते, की परका माणूस आमच्या बायकामुलींना हात लावून तपासतो. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरून पिसवेमार्गे रोग कसा जातो ते दाखवले. तोपर्यंत दोन वर्षे माणसे तपासली गेली, घरे धुतली गेली, सामान जाळले गेले, आणि पिसवा निवांत होत्या.

हे लिहिताना २०२० चा मार्च आठवल्याशिवाय राहत नाही. दिल्लीतल्या एका जमावावरून आपल्या मोहल्ल्यांत काय वातावरण झाले ते वाचकांना सांगायला नको. आमच्याच गल्लीत भाजीवाल्याला आधी नाव विचारले जाई, मग भाव. त्या दिवसांत गर्दी जमवायला नको होती, हे आम्ही तेव्हाही म्हटले होते आणि काही वाचक त्यामुळे रागावले होते. इब्न हजरांचे पुस्तक आपल्या मदरशांत आहे. पण गर्दी फक्त एकीकडे झाली नव्हती, आणि नाव फक्त एकाचे झाले. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे आपल्या निकालात म्हटले. बातमी आतल्या पानावर आली. बदनामी पहिल्या पानावर आली होती.

तर बेटा, तुझ्या अम्मीला आम्ही असे लिहिले आहे, आणि तुलाही तेच सांगतो. तुझ्या मैत्रिणीवर रागावू नकोस, तिने घरात ऐकले ते सांगितले. तिला गटातून काढूही नकोस, तिच्याच हाताने तिसरा रकाना भरून घे. प्रत्येक रोगापुढे चार गोष्टी लिहा : कुठून निघाला, कशावर बसून गेला, त्या वेळी दोष कोणाला दिला, आणि नंतर काय सापडले. प्लेगपुढे काफा, जहाज, ज्यू, पिसू. पटकीपुढे बंगाल, पाणी, हाजी, जंतू. मुंबईच्या प्लेगपुढे हाँगकाँग, मांडवीची कोठारे, आणि दोषाच्या जागी काय लिहायचे ते तुम्ही चौघी बसून ठरवा. देवी आणि गोवर यांनाही जागा ठेवा. ते युरोपातून अमेरिकेत गेले आणि तिथली मूळची वस्ती त्यांनी ओस पाडली, ज्या वाटेने मिरची आपल्याकडे आली त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला. हजला जाणाऱ्यांना आता निघण्याआधी मेंदूज्वराची लस टोचून घ्यावी लागते, तेही एका कोपऱ्यात लिहा. तुझ्या नानीने घेतली असेल तर तिला विचार, दंड किती दुखला ते ती नक्की सांगेल.

भगिनींना एकच विनंती. तक्ता झाला की एक फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापू, चौघींच्या नावासह. आणि निळा दोरा लावताना कामरान बेट सापडत नसेल तर येमेनच्या किनाऱ्यावर होदेदा शोधा, तिथून थोडे उत्तरेला, सलीफच्या समोर. शाळेच्या नकाशात ते बहुधा नसेल. टाचणीने ठिपका द्यावा लागेल.